आधी तू पड, मग मी

ज्युदोला येणाऱ्या प्रत्येकाला पाडायची घाई असते. साहजिक आहे, सगळे व्हिडिओ बघून आलेले असतात, एक चणीने लहान मुलगी आणि तिच्या पाठीवरून उडून पडणारा धिप्पाड माणूस, आणि मग वाटतं की दोन-तीन महिन्यांत आपलंही असंच होणार. पण क्लासचा निम्मा वेळ आपण तो उडून पडणारा माणूस असतो हे कोणी सांगत नाही. सरळ हिशोब आहे, सराव जोडीने चालतो, एकदा मी पाडणार एकदा तू, म्हणजे कितीही वर्षं घालवा, जेवढं पाडलंय साधारण तेवढंच पडूनही झालेलं असतं. आणि एवढी वर्षं मॅटवर काढल्यावर मला ठाम वाटायला लागलंय की कोणाला ज्युदो किती येतो हे तो पाडताना कसा दिसतो यावरून ठरवूच नये, पार्टनरसाठी तो कसा उभा राहतो आणि कसा पडतो ते बघावं. पाडणाऱ्याला तोरी म्हणतात, पडणाऱ्याला उके, आणि ही पोस्ट पूर्णपणे उकेच्या बाजूने आहे.

सुरुवात उकेमीपासून होते, म्हणजे पडायचं कसं ते. आधी नुसतं पाठीवर झोपायचं, हनुवटी छातीला टेकवायची, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर ठेवायची, आणि दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत सपाट मॅटवर मारायचे, अंगापासून तीस-चाळीस अंशांवर, फार लांब नाहीत आणि फार जवळही नाहीत. मग तेच बसून, मग उकिडवं बसून, मग उभ्याने मागे पडत. मग डाव्या-उजव्या कुशीवर. मग पुढची तिरकी कोलांटी, जी हाताच्या कडेवरून खांद्यावर, खांद्यावरून पाठीत तिरकी जाऊन विरुद्ध बाजूच्या कमरेवर उतरते, आणि जी बहुतेकांना आठवडेच्या आठवडे रडवते कारण मध्येच मणक्यावर किंवा खांद्याच्या हाडावर धडकायला होतं. हे रोज करायचं असतं, नवीन असाल तरी आणि ब्लॅक बेल्ट असाल तरी, वॉर्म-अपमध्येच येतं. आमचे सर कधीकधी पाठ करून उभे असतात आणि आवाजावरून सांगतात कोण चुकीचं पडलं. नीट पडलात की एकच खणखणीत फट्ट असा आवाज येतो. चुकलात की आधी धप्प, मग उशिरा हाताचा आवाज, म्हणजे अंग आधी आपटलं आणि हात नंतर आठवला.

यामागचं कारण अगदी साधं आहे. तोल गेला की आपल्या शरीराला उपजतच हात पुढे टाकावासा वाटतो, आणि मग सगळं वजन एका मनगटावर किंवा कोपरावर येतं, मनगट मोडतं नाहीतर कॉलरबोन जातं. उकेमी ती सवय मोडून दुसरी लावते. पडण्याचा धक्का हात, दंड, पाठीची बाजू, मांडी अशा मोठ्या भागावर पसरतो आणि एका क्षणात न बसता किंचित लांबतो. श्वास बाहेर सोडायचा, धरून ठेवायचा नाही. आणि हनुवटी, हनुवटी, हनुवटी. ही गोष्ट इतक्या वेळा ऐकावी लागते की शेवटी अंगवळणीच पडते. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे की कधी ओल्या फरशीवर पाय सटकला तर काय झालं हे कळायच्या आत मान पुढे आलेली असते आणि हात सपाट बसलेला असतो, विचार नंतर येतो. मला विचाराल तर ज्युदो पुढे सोडून दिला तरी एवढं एक जन्मभर सोबत राहतं, बाकी थ्रो विसरले तरी चालतील.

आता जरा गंभीर विषय, कारण पडण्याबद्दल बोलायचं आणि हे टाळायचं हे मला जमणार नाही. ज्युदो जिथून आला त्या जपानमध्ये शाळांमधल्या ज्युदोत १९८३ पासूनच्या जवळपास तीस वर्षांत शंभराहून जास्त मुलं दगावली. ऱ्यो उचिदा नावाच्या अभ्यासकाने शाळांतल्या अपघातांच्या नोंदी एकत्र करून हे बाहेर आणलं, आणि २०१२ मध्ये तिथे मिडल स्कूलला मार्शल आर्ट्स सक्तीचे झाले तेव्हा यावरून प्रचंड चर्चा झाली. यातले बरेच जण नवखे होते, नुकतेच क्लबमध्ये आलेले, आणि बहुतेक मृत्यू डोक्याच्या दुखापतीने झाले. एक थ्रो यात सारखा सारखा येतो, ओसोतो गारी. समोरच्याला मागे तोलायचं आणि त्याचा पाय मागून उडवायचा. शिकायला सोपा म्हणून खूप ठिकाणी पहिल्या काही थ्रोंमध्ये शिकवतात, पण उकेच्या बाजूने बघा, तो सरळ मागे जातो, दिसत काही नाही, आणि हनुवटी आत नसेल तर डोकं पाठीमागे फेकलं जातं. आणि इथे एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, डोकं मॅटवर आपटायलाच हवं असं नाही. डोक्याला नुसता जोराचा हिसका बसला, ते गर्रकन फिरलं, तरी मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक शिरा तुटून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून "डोकं तर लागलं नाही ना, मग ऊठ" हे वाक्य कुठल्याही क्लासमध्ये ऐकलं की माझं डोकं सणकतं. पडल्यावर डोकं दुखतंय, मळमळतंय, गरगरतंय असं कोणी म्हणालं की त्या दिवसाचा सराव तिथेच संपला पाहिजे आणि डॉक्टरकडे जायला पाहिजे, यात चर्चेला जागा नाही.

आणि हे काही ज्युदोच्या नशिबात लिहिलेलं नाहीये. फ्रान्समध्ये नोंदणी केलेले ज्युदो खेळाडू जपानपेक्षा कितीतरी जास्त आहेत, लहान मुलं तर लाखांनी, पण तिथे असं मुलं दगावण्याचं सत्र नाही. तिथे पैसे घेऊन शिकवायचं तर सरकारमान्य डिप्लोमा लागतो, लहानांना खेळत खेळत शिकवतात, पडायचं शिकवण्यात भरपूर वेळ घालवतात. म्हणजे फरक शिकवण्यात आहे. जपानच्या फेडरेशननेही नंतर पावलं उचलली, २०२२ मध्ये तर त्यांनी प्राथमिक शाळेच्या मुलांची वैयक्तिक राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या नादात एवढ्याशा पोरांना वजन उतरवायला लावत होते आणि पालक आणि कोच मॅटबाहेरून ओरडत होते. मला तो निर्णय फार आवडला. दहा वर्षांच्या मुलाने मेडलसाठी उपाशी राहायचं काही कारण नाही.

असो. उकेमी आली म्हणजे उके होता आलं असं मात्र नाही. उके म्हणून खरी परीक्षा उचिकोमीत असते. उचिकोमी म्हणजे थ्रोच्या आत शिरायचं, पार्टनरला तोलायचं, पण पाडायचं नाही, परत बाहेर, परत आत, दहा दहाचे सेट, मग दुसऱ्याची पाळी. बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटतं आणि खरं सांगायचं तर ज्याचं लक्ष नाही त्याला आतूनही कंटाळवाणंच असतं. पण थ्रो इथेच तयार होतो. त्याचे तीन भाग सांगतात, कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल हलवणं, त्सुकुरी म्हणजे आपलं अंग बरोबर जागी नेऊन बसवणं, आणि काके म्हणजे शेवटचा प्रत्यक्ष फेकण्याचा भाग. यातला पहिला भाग झाला की नाही हे तोरीला नीट कळतच नाही. ते उकेच्या तळपायाला कळतं.

माझी नेहमीची पार्टनर यात वस्ताद आहे. सेओई नागेची उचिकोमी चाललेली, म्हणजे वळून तिच्या पोटाशी पाठ लावायची आणि तिला खांद्यावर घ्यायचं, मी आपली जोरात आत जातेय, वेग चांगला आहे, मला वाटतंय की मस्त चाललंय, आणि ती शांतपणे म्हणते, "थांब. बाही खाली ओढतेयस तू. माझ्या टाचा हलल्याच नाहीत." मग परत. या वेळी बाही खाली न ओढता वर आणि पुढे, मनगट बाहेर वळवून, घड्याळात वेळ बघतो तसं, आणि दुसरा हात कॉलरवरून तिची छाती वर उचलतोय, आणि मला पाठीला जाणवतं की तिचं वजन आलं, तिचं पोट माझ्या कमरेला चिकटलं, ती चवड्यांवर आलीये. ती फक्त "हां" म्हणते. बस. त्या एका "हां"साठी मी किती संध्याकाळी घालवल्यात याची गणतीच नाही. आणि तिने ते उगाच म्हटलं असतं, मला बरं वाटावं म्हणून, तर मी अजूनही बाही खालीच ओढत बसले असते.

वाईट उके दोन प्रकारचे असतात, दोन्ही प्रकारचे पार्टनर मला मिळालेत. एक ढिम्म उभा राहणारा, दोन्ही हात सरळ ताठ करून, ढुंगण मागे, जणू आपण त्याला लुटायला आलोय, त्याला माहितीये की आपण कुठला थ्रो करणार आहोत आणि तो तेवढाच अडवून ठेवतो. मग म्हणतो, "बघ, नाही पडलो." अरे बाबा तुला आधीच माहीत होतं, मी दुसरा थ्रो केला असता तर तू तिसऱ्याच दिशेला जाऊन पडला असतास. दुसरा प्रकार याच्या उलट, हात लावायच्या आत स्वतःच उडी मारणारा. हा जास्त गोड असतो पण जास्त नुकसान करतो. त्याच्यासोबत सराव केला की वाटतं आपल्याला सगळं येतं, आणि मग रान्दोरीत, म्हणजे मोकळ्या सरावात, एखाद्या साध्या पिवळ्या बेल्टवाल्यासमोर काहीच लागत नाही. चांगला उके या दोघांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो, सरळ, सैल पण मोडलेला नाही, तोल स्वतःचा स्वतः सांभाळणारा, आणि तोरीने बरोबर केलं तरच जाणारा. सांगायला एक ओळ लागते. यायला वर्षं जातात.

आणि एक, पडूनच जास्त कळतं. ज्युदो ज्यांनी उभा केला त्या जिगोरो कानो यांचीच आठवण आहे. १८६० चा जन्म, अंगाने किरकोळ, शाळेत दांडगट मुलांचा त्रास, म्हणून जुजुत्सू ही जुनी जपानी युद्धकला शिकायला निघालेले. त्यांचे पहिले मोठे गुरू फुकुदा हाचिनोसुके, तेन्जिन शिन्यो परंपरेतले. कानो एकदा एका थ्रोबद्दल विचारायला लागले की इथे हात कसा, पाय कसा, तर फुकुदांनी उत्तर म्हणून त्यांना पाडलं. परत विचारलं, परत पाडलं. म्हणजे इतक्या बुद्धिमान विद्यार्थ्याला, जो पुढे शिक्षणक्षेत्रात एवढं मोठं काम करणार होता, त्याला गुरूने अंगावरूनच शिकवलं. कानोंनी पुढे १८८२ मध्ये एइशोजी नावाच्या देवळात बारा ताताम्यांच्या, म्हणजे जपानी चटयांच्या, जागेत आणि मूठभर विद्यार्थ्यांना घेऊन कोदोकान ही आपली ज्युदो शाळा सुरू केली, आणि त्यांच्या शिकवण्यात समजावून सांगणं खूप होतं, तत्त्व काय, तोल का जातो, हे सगळं. मला दोन्ही पटतं. आधी पड, मग विचार, मग परत पड. एखादा थ्रो मला कळत नसेल तर मी सरांना तो माझ्यावर हळू करायला सांगते, चार वेळा पडते, आणि मग कळतं की अच्छा, माझा डावा पाय इथे अडकतोय म्हणून मी जातेय, म्हणजे मला समोरच्याचा पाय तिथे अडकवायचाय.

रान्दोरी म्हणजे मोकळा सराव, दोघंही प्रयत्न करतात, कोणाला काही ठरवून दिलेलं नसतं. इथे सगळ्यात जास्त गैरसमज असतो. नवीन लोक रान्दोरीला मॅच समजतात आणि जीव खाऊन लढतात, पडायचंच नाही म्हणून वेडेवाकडे वळतात, हात टेकवतात, आणि दुखापती तिथेच होतात. थ्रो बसला असेल तर पडावं. पडून उठावं, परत ग्रिप घ्यावी. मॅचमध्ये इप्पोन, म्हणजे थेट जिंकून देणारा पूर्ण गुण, गेला की संपलं, घरी जा, पण क्लासमध्ये पडल्याचे मार्क कोणी मांडत नाही, पाच मिनिटांच्या राउंडमध्ये आठ वेळा पडलं तरी राउंड चालूच असतो. जे सिनियर आमच्यासारख्या ज्युनियरकडून निवांत पडतात, तेच मला सगळ्यात जास्त आवडतात. आमच्यात एक दादा आहेत, माझ्यापेक्षा चाळीसेक किलोने जड असतील, ब्लॅक बेल्ट, त्यांना हवं तर ते मला पूर्ण राउंडभर हलू देणार नाहीत. पण ते माझ्यासोबत खेळताना ताकद काढून घेतात, फक्त तोल आणि पाय ठेवतात, मी चुकीचं केलं तर हलत नाहीत आणि बरोबर केलं तर खरोखर जातात, एवढं मोठं शरीर माझ्या बाजूने मॅटवर येतं आणि तिथूनच "छान" म्हणतात. यात त्यांचं काही कमी होत नाही. उलट त्यांच्याकडे सगळे रांग लावून उभे असतात.

याच्या उलटही बघायचं असेल तर जुना दाखला आहे. १९८० मध्ये यामाशिता यासुहिरो, त्या काळातला सगळ्यात जबरदस्त खेळाडू, ऑल जपान स्पर्धेत खेळत होता आणि समोरच्या खेळाडूने कानी बासामी टाकली, म्हणजे बाजूने उडी मारून दोन्ही पायांच्या कात्रीत समोरच्याचे पाय पकडून मागे पाडायचं. यामाशिताच्या पायाचं हाड मोडलं. पुढे तो थ्रो स्पर्धेत बंद झाला. तेव्हा तो नियमात बसत होता, पण समोरचा कसा पडेल यावर पाडणाऱ्याचा काही ताबाच नसतो त्यात, आणि म्हणूनच तो गेला. थ्रो करताना उकेची बाही शेवटपर्यंत धरून ठेवायची, सोडून द्यायची नाही, किंचित वर खेचायची म्हणजे तो कुशीवर नीट उतरतो, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात, आणि मला वाटतं ज्युदोतली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. ज्याला आत्ताच फेकलं त्यालाच धरून ठेवलेलं असतं.

टॅपचंही तसंच. गळा दाबण्याची तंत्रं आणि कोपराचे लॉक, दोन्हींत समोरच्याने दोनदा थोपटलं की सोडायचं, त्याच क्षणी, अर्धा सेकंदही जास्त नाही. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला की काही सेकंदांत शुद्ध जाऊ शकते, म्हणून थोपटणारा लवकर थोपटतो आणि सोडणारा लगेच सोडतो, या दोघांच्या विश्वासावरच जमिनीवरचा सगळा सराव चालतो. लहान मुलांना म्हणूनच हे प्रकार शिकवतच नाहीत, मोठे झाल्यावर. एकदा एखाद्याने टॅपनंतरही ताणून धरलं की लोक त्याच्यासोबत खेळायला टाळाटाळ करायला लागतात. कोणी जाहीर काही बोलत नाही पण जोड्या लावताना तो उरतो.

मॅटच्या बाहेरचा भाग कोणी फारसा लिहीत नाही, पण रोजच्या आयुष्यात तोच जास्त असतो. गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, धुणं. प्रत्येक क्लासनंतर, न चुकता, कारण तो घामाने निथळत असतो आणि उद्या त्यातच दुसऱ्या कोणाचं तोंड दाबलं जाणार असतं. नवा गी सुरुवातीला इतका कडक असतो की कॉलरने मान सोलून निघते, आणि सुती असल्यामुळे गरम पाण्यात आटतो, म्हणून गार पाण्यात धुवा, उन्हात कडकडीत वाळवू नका. जाड विणीचा असेल तर वाळायला दीड-दोन दिवस लागतात, म्हणून आठवड्यात चार वेळा जाणाऱ्याकडे दोन तरी हवेतच, माझ्या मते बेल्टच्या रंगाआधी दुसरा गी घ्यावा. नखं, हाताची आणि पायाची दोन्ही, कापलेलीच पाहिजेत, कारण वाढलेलं नख आपल्याला काही करत नाही, पार्टनरच्या गालावर ओरखडा काढतं. चपला मॅटच्या कडेपर्यंत घालायच्या, अनवाणी बाथरूमला जाऊन परत मॅटवर पाय ठेवायचा नाही. आणि अंगावर नायट्यासारखा गोल लाल चट्टा दिसला तर लपवू नका, सरांना सांगा, दाखवून औषध घ्या आणि बरं होईपर्यंत लांब राहा. एकाच्या लाजेपायी अख्ख्या क्लासला पसरतं ते. केस बांधलेले, कानातलं-अंगठी काढलेली, टेप लावलेली.

टेप. बोटांची टेप हा एक वेगळाच विधी आहे. ग्रिप म्हणजे दिवसभर कोणीतरी आपल्या मुठीतून जाड कापड हिसकावतंय, त्यामुळे बोटांचे सांधे सुजतात, मधल्या बोटाच्या पेराची कातडी निघते, सकाळी उठल्यावर मूठ पूर्ण वळत नाही. म्हणून पांढरी कापडी टेप, उभी अर्धी फाडून, सांध्याच्या खाली दोन वेढे, मग सांध्यावरून तिरकी जाऊन वर दोन वेढे, मागे आठाचा आकार होतो आणि बोट वाकवता येतं. फार घट्ट झाली तर टोक जांभळं पडतं, फार सैल झाली तर पहिल्याच ग्रिपमध्ये गुंडाळी होऊन निघून जाते. उजव्या हाताला स्वतः टेप लावणं अवघडच, आणि म्हणून क्लासच्या आधी दोन दोन जणी मांडी घालून एकमेकींची बोटं बांधत बसलेल्या दिसतात. दिवसभराच्या गप्पाही तेव्हाच होतात.

दुखापत झाली की घरी बसायचं का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझ्या पायाचा अंगठा दुखावला होता तेव्हा मी क्लासला जाऊन कडेला बसत होते. जपानीत याला मितोरी गेइको म्हणतात, बघून केलेला सराव, आणि तो गंभीरपणे घेतात. मी त्या काळात फक्त उकेचे पाय बघायचे ठरवलं. आणि काय दिसलं, तर थ्रो लागायच्या जरा आधी उकेचा एक पाय हलका होतो, प्रत्येक वेळी, आणि चांगले खेळाडू तो पाय हलका होण्याची वाटच बघत असतात, नाहीतर तो हलका करतात. हे मॅटवर असताना कधी दिसलं नव्हतं, तिथे स्वतःचाच जीव सांभाळायचा असतो.

बेल्टबद्दल फार लिहीत नाही. प्रत्येक देशात, प्रत्येक फेडरेशनमध्ये रंगांचा क्रम थोडाफार वेगळा असतो, रंगीत बेल्ट युरोपात रुजले आणि तिथून सगळीकडे गेले, आणि परीक्षा जवळ आली की सगळ्यांचं लक्ष उडतं एवढंच. पण एका बाईंबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. केइको फुकुदा. वर ज्यांनी कानोंना पाडून पाडून शिकवलं त्या हाचिनोसुके फुकुदांची ही नात. १९१३ चा जन्म, उंची पाच फुटांपेक्षाही कमी, आणि कानोंनी स्वतः बोलावलं म्हणून १९३५ मध्ये कोदोकानच्या महिला विभागात आल्या. तेव्हा बायकांना पाचव्या दानच्या, म्हणजे ब्लॅक बेल्टमधल्या पाचव्या पायरीच्या, वर जाताच येत नव्हतं. त्या वर्षानुवर्षं त्याच दानवर राहिल्या, शिकवत राहिल्या, आणि १९७२ मध्ये कुठे तो अडसर निघून सहावा दान मिळाला. २००६ मध्ये कोदोकानने नववा दिला, २०११ मध्ये अमेरिकेत दहावा, आणि २०१३ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी त्या गेल्या. जु नो काता हा त्यांचा खास विषय, काता म्हणजे ठरलेल्या हालचाली जोडीने क्रमाने करून दाखवणं. त्यात कोणीच मॅटवर आदळत नाही, थ्रो वरपर्यंत नेतात, उके हवेत उचललेला असतो, आणि तिथून त्याला हळू परत उभं करतात. बघायला शांत वाटतं, पण करून बघा, दुसऱ्याच्या पाठीवर असं तोलून राहायला उकेला पोट, पाठ, पाय सगळं ताणून धरावं लागतं. आणि काताच्या स्पर्धेत मार्क जोडीला मिळतात, तोरीला वेगळे आणि उकेला वेगळे असं नसतं. उके ढिला पडला तर दोघंही गेले. मला स्पर्धांमधला हा एकच प्रकार असा वाटतो जिथे उकेला त्याची खरी किंमत मिळते.

तर कोणी क्लास शोधत असेल, स्वतःसाठी किंवा मुलांसाठी, तर भिंतीवरची मेडलं आणि फोटो नंतर बघा. आधी एक पूर्ण सेशन कडेला बसून बघा. नवख्यांना पहिल्या आठवड्यांत काय करायला लावतात, नुसतं पडायला की लगेच पाडायला. ओसोतो गारी कधी शिकवतात आणि ते शिकवताना समोर उके म्हणून कोणाला उभं करतात, दुसऱ्या नवख्याला की अनुभवी माणसाला. थ्रो केल्यावर मुलं बाही धरून ठेवतात की सोडून देतात. मोठे बेल्टवाले छोट्यांकडून पडतात का. कोणी टॅप केला तर काय होतं. कोणाला लागलं तर सर आधी त्याच्याकडे जातात की घड्याळाकडे बघतात. मॅट सराव संपल्यावर पुसतात का, आणि कोण पुसतं, फक्त लहान मुलं की सगळे. आणि शेवटी सरांना विचारा, "मी दोन-तीन महिने फक्त पडायला शिकले तर चालेल का?" याला जे हसत नाहीत आणि कधीपासून येताय असं विचारतात, तिथे नाव घाला. पूर्ण सेशन बसून बघूच देत नसतील तर दुसरीकडे जा.